ब्रेकवरचा पाय

सिग्नलला तिच्या गाडीच्या काचेवर टकटक झाली. शेजारी स्कूटरवर एक जण, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"तुमच्या पुढच्या चाकांतून लोखंड घासल्याचा आवाज येतोय. अशी घरापर्यंत नेऊ नका."

"मग कुठे नेऊ?"

"माझ्या मागे या." कानांच्या पाळ्या लाल. "म्हणजे… गॅरेज आहे आमचं."

ती गेली. जीव मुठीत धरून, रांगत. तसा तिचा रोजचा वेगही तोच होता.

गॅरेजच्या काउंटरवर त्याची मोठी बहीण. "काय करता तुम्ही?"

"रक्तपेढीत असते."

"बरं झालं. आमचा हा माणसाचं रक्त आटवतो. एक वाक्य बोलायला अर्धा दिवस घेतो."

"ताई—"

"झालं बघा. आता संध्याकाळपर्यंत काही नाही."

चाक उतरलं. तो उकिडवा बसला, तीही बसली. ब्रेकच्या पॅडचं अस्तर संपून मागची लोखंडी पट्टी उघडी पडली होती आणि तीच डिस्कला खात होती. डिस्कवर खोल चरे. पण चऱ्यांच्या मध्ये निळसर डाग होते — सुई चुकली की हातावर उठतो, अगदी तसा रंग.

"घासून सपाट करता येईल ना?"

त्याने मापाने जाडी बघितली, पुन्हा बघितली. "नाही. फारच पातळ झालीय. दोन्ही चाकांच्या बदलाव्या लागतील."

"मग ती भोकांची द्या. रेसच्या गाड्यांना असते ती. जी सगळ्यात लवकर थांबवेल."

"रोज कामावर जायला साधी बरी. भोकांपाशी तडे जातात." तो घुटमळला. "आणि तुमची गाडी थांबत नाही असं नाहीये. ती… सुटतच नाही." निळ्या डागावर त्याने बोट ठेवलं. "हे तापून झालंय. क्लच नसलेली गाडी, म्हणून तुमचा डावा पाय ब्रेकवर. तो उठतो तरी का?"

ती चाकाच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"दादा चालवत होता. मी शेजारी. ट्रक मला आधी दिसला. ओरडायचं सोडून मी पाय दाबला. माझ्या बाजूला… काहीच नव्हतं." तिने पदरासारखी ओढणी हाताभोवती गुंडाळली. "दादा गेला. पाय अजून तिथेच आहे. नव्या डिस्कही जाळीन मी. त्यापेक्षा विकूनच टाकते गाडी."



"विकायची तरी," तो हळूच म्हणाला, "ब्रेक नीट करूनच विकावी लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या, मापाच्या, चकचकीत डिस्क बसल्या. नवे पॅडही.

"आता यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची," तो म्हणाला. "मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा. ब्रेक दाबून हळू करायची, पण थांबवायची नाही. मग पाय उचलायचा. पूर्ण. पुन्हा वेग."

"तुम्हीच करा ना."

"गाडी तुमची आहे."

तो शेजारी बसला. पट्टा लावला. मग चपला काढून खिडकीतून बहिणीच्या हातात दिल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय?"

"माझ्या बाजूला दाबायला काही नाही. मग पाय कशाला खाली ठेवू?"

तिने किल्ली फिरवली.

वेग.

ब्रेक.

"उचला."

"उचललाय."

"टेकलाय अजून."

…उचलला. गाडी नुसती वाहत राहिली.

वेग.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

ब्रेक.

"वाटते."

उचल.

"कशाची?"

वेग.

"तुम्ही गाडी विकाल याची."

ब्रेक! जरा जोरातच.

"चालतं," तो म्हणाला. "डिस्कला चालतं."

उचल. जळका वास आला. ती घाबरली.

"येऊ दे. नव्याचा आहे, जाईल." तो समोर बघत होता. "काल आवाज पहिल्यांदा नाही ऐकला मी. त्या सिग्नलला तुम्ही रोज असता. आधी नुसती चिरचिर होती. म्हणजे सांगायला वेळ होता. मी… वाक्य जुळवत होतो."

वेग.

"आणि मग?"

ब्रेक.

"काल खरखर ऐकली. मग 'माझ्या मागे या' एवढं अर्धंच वाक्य बोललो."

उचल.

"आता ब्रेक नाही लावायचा," तो म्हणाला. "वाऱ्याने गार होईपर्यंत चालवत राहायची."

रस्ता सरळ होता, ऊन तिरपं. बऱ्याच वेळाने तिने खाली पाहिलं. डावा पाय ब्रेकवरून उतरून खाली टेकला होता. कधी आला, तिला कळलंच नव्हतं. शेजारी दोन गुडघे, स्वस्थ.

"उरलेलं अर्धं काय होतं?"

तो इतका वेळ गप्प राहिला, की तिला वाटलं, खरंच संध्याकाळ होणार.

"…आणि तुम्ही आला नाहीत, तर मी पुढच्या सिग्नललाही थांबून राहीन."

वळण आलं. पुढे गॅरेज. दारात त्याची बहीण, हातात चपला घेऊन, मान उंचावून बघत.

"गार झाल्या असतील का डिस्क?" तिने विचारलं.

"झाल्या असतील."

"मला नाही वाटत," ती म्हणाली, आणि पाय न हलवता गॅरेजवरून पुढे गेली. आरशात बहीण दोन्ही चपला हवेत हलवत होती.