न बांधलेला डबा

दिवा राहू द्या, पोरांनो. लावू नका. उजेडात माणूस नको तेवढं शहाणं होतं. या, जवळ सरका.

ही माझ्या मित्राची गोष्ट. सगळे त्याला रिळ्या म्हणायचे. शहरात संगीताचं एक मोठं सभागृह होतं, आणि तिथल्या प्रत्येक मैफलीचं टेपवर रेकॉर्डिंग करायचं काम त्याचं. टेप म्हणजे काय विचारू नका, तुमच्या मोबाइलचा खापरपणजोबा समजा. ताटलीएवढं रीळ, त्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत, आणि ठेवायला पुठ्ठ्याचा चौकोनी डबा.

सभागृह बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मागच्या साली ते एका फर्निचरवाल्यानं घेतलं. खुर्च्या उखडल्या, पडदे उतरवले. रंगमंचाच्या खाली एक खोली होती. तिथल्या कपाटात सगळी जुनी रिळं, फोटो, मैफलींच्या जाहिराती असं पडून होतं. लायब्ररीच्या बाईंनी चार ठिकाणी उंबरे झिजवून ते लायब्ररीसाठी मागून घेतलं. फर्निचरवाला म्हणाला, "न्या की! पण सोमवारी माझे सुतार येणार. त्यानंतर जे दिसेल ते भंगारात."

कागद पोत्यात भरून नेता आले. रिळांचं तसं नव्हतं. ती वाजवणारं एकच मशीन शिल्लक होतं आणि ते तिथल्याच टेबलात बसवलेलं. हलवलं तर पुन्हा चालेल याची खात्री कुणालाच नव्हती. म्हणून बाईंनी रिळ्याला घरून बोलावून आणलं. त्यानं रिळं वाजवायची आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. जुनी फीत चिकट होते, तर ती आधी मंद उबेत ठेवायची, मग वाजवायची. आपलं म्हातारपण तसंच असतं म्हणा. सकाळी ऊन खाल्ल्याशिवाय आवाज फुटत नाही.

काम चांगलं चाललं होतं. रिळ्या दिवसभर गुणगुणत असायचा. फक्त एक डबा तो सारखा रद्दीच्या ढिगात सरकवायचा, आणि बाई तो परत टेबलावर आणून ठेवायच्या.

"हा का बाजूला काढता काका?"

"काही नाही हो त्यात. सभागृहाच्या अध्यक्षांचं भाषण आहे. झोप येईल तुम्हाला."

"भाषण तर भाषण. आपण निवडायचं नाही, काका. आपण जपायचं."

रिळ्यानं दुसरंच रीळ उचललं. कारण त्या डब्यात काय आहे यापेक्षा काय *होतं*, ते जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

आता सभागृहाची एक रीत सांगतो, ती नीट ऐका. फीत महाग असायची, म्हणून सगळ्या मैफली ठेवत नसत. मैफल संपली की कलावंत खाली त्या खोलीत यायचा. आपलं वाजवणं आपल्याला पटलं असेल, तर डब्याला स्वतःच्या हातानं लाल दोरा बांधायचा. बांधलेला डबा जपायचा. न बांधलेल्या रिळावर दुसऱ्या दिवशी दुसरं काही भरायचं. यात कुणी कुणाला विचारायचं नाही.

तिथे एक व्हायोलिनवाले अण्णा होते. मोठा माणूस, पण स्वतःवर भारी कडक. वर्षानुवर्षं वाजवलं आणि दोरा बांधला तो हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा. डाव्या पायातला त्यांचा बूट चालताना करकरायचा. पोरं म्हणायची, अण्णांचा बूटसुद्धा सुरात आहे! अण्णा हसायचे. दोरा बांधायची वेळ आली की रिळ्याला म्हणायचे, "बोट ठेव रे." गाठ सैल पडू नये म्हणून पहिल्या वेढ्यावर रिळ्यानं बोट ठेवायचं, आणि अण्णांनी वरून गाठ मारायची. त्यांच्या हाताला व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेची पांढरी पूड असायची. ती रिळ्याच्या बोटाला लागायची. घरी जाऊन तो बोट बायकोला दाखवायचा, "बघ, आज अण्णांनी बांधला."

अण्णांची शेवटची मैफल झाली त्या रात्री ते जिना उतरून खाली आले. चेहरा देवळातून आल्यासारखा. म्हणाले, "आण रे डबा. बांधू."

रिळ्यानं कपाटाला कुलूप लावलं होतं. चपला पायात, पिशवी खांद्यावर. म्हणाला, "अण्णा, उद्या बांधा की. माझी शेवटची बस जाईल."

अण्णा म्हणाले, "बरं. उद्या."

रात्री झोपेतच गेले.

सकाळी रिळ्या कामावर आला तेव्हा त्याला काही कळलेलं नव्हतं. अध्यक्षांना भाषण रेकॉर्ड करायचं होतं, कोरं रीळ नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "ते बिनदोऱ्याचं घे की." रिळ्या म्हणू शकला असता, हे बांधायचं राहिलंय. मग अध्यक्ष विचारणार, का राहिलं? त्यानं रीळ चढवलं. दुपारी निरोप आला. ते रीळ त्यानं परत कधी वापरलं नाही.

महिन्याभरानं अण्णांची बायको आली. रिळ्या तिला वहिनी म्हणायचा. दारातच उभं राहून तिनं विचारलं, "भावोजी, शेवटच्या दिवशी बांधलं का हो त्यांनी?"

आणि रिळ्या म्हणाला, "नाही वहिनी. पटलं नसेल त्यांना."

एवढंच. एवढं एक वाक्य. वहिनी मान हलवून गेली. आपला माणूस शेवटी स्वतःवर नाराज होऊन गेला, असं मानून ती म्हातारी झाली. रस्त्यात भेटली की रिळ्या फुटपाथ बदलायचा.

हं. तर आता ती रात्र. नोव्हेंबरातली सतरा तारीख, शनिवार. साडेअकरा होऊन गेले होते. बाई घरी गेल्या होत्या. सगळी रिळं संपली होती आणि टेबलावर तो एकच डबा उरला होता. रिळ्याला वाटलं, उचलावा आणि रद्दीत टाकावा. कोण बघतंय? पण हात होईना. त्यानं रीळ चढवलं.

अध्यक्ष बोलायला लागले. गळकं छप्पर, मोडक्या खुर्च्या, मंडळाची अडचण. मधेच ते थांबले. चष्मा शोधत असावेत. आणि त्या थांबण्यात, अगदी लांबून, व्हायोलिन सुरात लावल्याचा आवाज आला.

रिळ्या दचकला नाही. आधीचं नीट पुसलं गेलं नाही की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. उलट त्याला वेडी आशा वाटली. काही उरलं असेल का खाली? त्यानं आवाज वाढवला. अध्यक्ष परत गळक्या छपरावर बोलायला लागले. रिळ्यानं वैतागून मशीन बंद केलं.

रीळ थांबलं.

व्हायोलिन लावणं थांबलं नाही.

ते वर होतं. डोक्यावर. रंगमंचावर.

रिळ्या तसाच बसून राहिला. वर कुणी नव्हतं. दाराला त्यानंच आतून कडी घातली होती. एक तार ताणली… सोडली… परत ताणली. मग गप्प.

मग खुर्ची सरकली. वर एकही खुर्ची उरली नव्हती.

मग पावलं. एक साधं. एक करकरणारं.

एक साधं… एक करकरणारं…

जिना.

रिळ्या दाराकडे पाठ करून बसला होता. त्यानं वळून बघितलं नाही. डोळे घट्ट मिटले. पावलं त्याच्या मागे येऊन थांबली. राळेचा वास आला. टेबलावर पुठ्ठा सरकल्याचा आवाज झाला.

"आबा, मग?"

…गप रे. सांगतो.

बराच वेळ काही नाही. मग कानाजवळ, नेहमीच्याच आवाजात, न रागावता…

"बोट ठेव रे."

रिळ्यानं डोळे उघडले नाहीत. हात पुढे केला. बोट ठेवलं. बोटावरून दोरा फिरला. आवळला. त्याला म्हणायचं होतं, अण्णा, चुकलो. ओठ हलले. आवाज नाही…

बोट गाठीखालून सुटलं.

तो धावला. एक चप्पल तिथेच राहिली.

उजाडलं तेव्हा तो वहिनींच्या दारात उभा होता, एका पायात चप्पल. त्यानं सगळं सांगितलं. कुलूप, पिशवी, "उद्या बांधा", आणि ते एक वाक्य. वहिनी खुर्चीत बसून ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. मग तिनं विचारलं,

"बस मिळाली का हो तुम्हाला?"

रिळ्या म्हणाला, "उशिरा आली, वहिनी. अर्धा तास नुसता उभा होतो."

ती उठली आणि शाल घेतली.

बाईही आल्या. मागच्या खिडकीतून आत उतरून त्यांनी दाराची कडी काढली. रिळ्या रात्री त्याच खिडकीतून बाहेर पडला होता. तो जिन्यावरच थांबला. वहिनीनं त्याला आत ये म्हटलं नाही.

मशीन रिकामं होतं. रीळ डब्यात होतं, आणि डब्याला लाल दोरा. दुहेरी वेढा, वर घट्ट गाठ. मैफली थांबल्यापासून त्या इमारतीत कोऱ्या दोऱ्याचा तुकडासुद्धा नव्हता.

बाईंनी कात्री काढली. "आत काय आहे ते बघायला हवं."

"नाही," वहिनी म्हणाली. "त्यांनी बांधलंय. आता कुणी काही विचारायचं नाही. सभागृहाची तीच रीत होती ना?"

तिनं वाकून आपलं बोट त्या गाठीवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. उचललं तेव्हा बोटाला पांढरी पूड होती.

रिळ्या त्यानंतर फार दिवस राहिला नाही. वहिनी त्याच्याशी परत कधी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं असं तो मला म्हणाला.

डबा लायब्ररीत आहे. मी बघून आलोय. शेजारच्या सगळ्या डब्यांचे दोरे विटून मातकट झालेत. त्या एका डब्याचा दोरा लालभडक आहे, आणि बाई दर आठवड्याला पुसतात तरी गाठीवर पांढरी पूड असतेच.