चाळीस दिवस शांत

सूचनापत्रक, मुद्दा सातवा: स्कॅनचे चाळीस दिवस मन शांत ठेवावे. त्रास देणाऱ्या गोष्टी आठवू नयेत.

मूल दवाखाना, अकरा कुप्या. नागभीड, चार. सिंदेवाही, एकोणीस, त्यातल्या सहा या महिनाअखेर बाद.

जांभळी वॉटरबॅग. पट्टा तुटलेला. लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली.

समाधान अहवाल, मागची तिमाही: तीनशे बारा यजमानांपैकी तीनशे चार जणांनी लिहिले, 'आधीपेक्षा झोप चांगली लागते.'

शांत तारेला हात लावणारा लाइनमन फार दिवस लाइनमन राहत नाही.

"काय हो, ही कोणाची?"

*

उरलेले तास: पंचेचाळीस

गुलाबराव पिंपळशेंडे मंगळवारी दुपारी दोन वाजता चंद्रपूरच्या उतरवणी केंद्रात आले, तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत ती वॉटरबॅग. वीज मंडळात एकतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेला माणूस. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"मॅडम, तुम्ही काल माझ्या बायकोच्या डोक्यात काय घातलं?"

डॉ. संघमित्रा रामटेके यांना या प्रश्नाची सवय होती. उत्तर पाठ होतं. चंद्रपुरातली संगणकांची मोठमोठी कोठारं पाच उन्हाळ्यांपासून एकेक करून बंद केली जात होती. पारा एकोणपन्नासवर गेला की ती थंड ठेवायला अख्ख्या शहराचं पिण्याचं पाणी लागायचं. माणसाचा मेंदू मात्र एका मंद दिव्याइतक्या विजेवर चालतो आणि स्वतःला स्वतःच थंड ठेवतो. म्हणून सरकारी कामाच्या संगणकीय प्रणाली आता माणसांच्या मेंदूंत ठेवल्या जात होत्या, एकेक तुकडा एकेका माणसात. ज्याच्यात तुकडा राहतो तो यजमान. तो तुकडा तिथे बसवण्याचं काम म्हणजे उतरवणी. कानामागे नखाएवढी जाळी लावायची, तिच्यातून मेंदूच्या रिकाम्या वाटांवर माहिती उतरवायची. यजमान खातो, पितो, भांडतो. त्याला काही कळतही नाही.

"कुंदाकाकूंकडे सर्पदंशाची प्रणाली आहे," संघमित्रा म्हणाली. "कुठल्या दवाखान्यात विषावरच्या इंजेक्शनच्या किती कुप्या शिल्लक आहेत त्याची नोंद. अँब्युलन्सवाला विचारतो आणि उत्तर काकूंकडून जातं. त्यांनी स्वतः अर्ज केला होता काका. मी विचारलंही होतं, कशाला या वयात?"

"मंग ते काय म्हणली?"

"म्हणाल्या, कोणीतरी करायलाच पाहिजे."

गुलाबरावांनी वॉटरबॅग टेबलावर ठेवली.

"ही आमच्या निशीची. निशिगंधा. लग्नाच्या अठराव्या वर्षी झालेली एकुलती एक पोट्टी. आठ वर्षं झाली तिले जाऊन. सात वर्षांची होती. शाळेच्या मागं घोणस चावली. ज्या दवाखान्यात नेलं तिथं इंजेक्शन नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात होतं, बावीस किलोमीटरवर. आम्हाले माहीत नव्हतं." ते थांबले. "कुंदानं अर्ज काऊन केला ते हे आहे. आज सकाळी तिनं पेटी साफ केली. ही काढून मले विचारते, ही कोणाची हो? मले वाटलं थट्टा करते. पण अशी थट्टा कोणी करते का जी? मग ते धुऊन वाळू घातली आणि म्हणते, शेजारच्या पोराले देऊन टाका, चांगली आहे."

संघमित्राने कुंदाच्या मेंदूचा नकाशा पडद्यावर आणला. सर्पदंशाची प्रणाली जिथे उतरवली होती त्या वाटा मोठ्या करून पाहिल्या.

"काका, रिकामी वाट कशी ओळखतात ते सांगते. स्कॅन चाळीस दिवस चालतो. चाळीस दिवसांत ज्या वाटेवरून एकदाही संदेश गेला नाही, ती वाट वापरात नाही असं धरतात. जुने पत्ते, विसरलेली पाढ्यांची पुस्तकं, असल्या वाटा असतात त्या. तिथे आम्ही उतरवतो."

"चाळीस दिवस कुंदाले निशी आठवली नाही? ते शक्यच नाही. हे पोरगी तिच्या तोंडात नसली तरी डोक्यात असे."

"तुम्ही घरी आमचं सूचनापत्रक पाहिलं होतं?"

त्यांनी पाहिलं होतं. कुंदा तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. वरून पत्रक आलं की ते भिंतीला चिकटवायचं आणि शब्दन् शब्द पाळायचं, हा तिचा धर्म. तिने सातव्या मुद्द्याखाली लाल पेनाने रेघ ओढली होती. निशीचा फोटो उतरवून कपाटावर पालथा ठेवला. निशीच्या शाळेवरून जाणारा रस्ता सोडला. डोळे भरून यायला लागले की ती उठून गव्हातले खडे निवडायला बसायची. एकाच डब्यातले गहू तिने चाळीस दिवसांत कितीदा निवडले असतील. गुलाबरावांना तेव्हा वाटलं होतं, बाई सावरली.

"तो मुद्दा कशासाठी होता?" त्यांनी विचारलं.

"रडणाऱ्या माणसाचा नकाशा अस्पष्ट येतो. तो साफ यावा म्हणून." संघमित्रा पडद्याकडेच बघत होती. "मुद्दा मीच लिहिला आहे. काकूंनी जोर लावून ती वाट बंद ठेवली, आणि बंद ठेवलेली आठवण आणि नसलेली आठवण यंत्राला सारखीच शांत दिसते."

गुलाबराव हसले. ते हसू चांगलं नव्हतं.

"मॅडम, आमच्यात नवा पोट्टा भरती झाला की पहिल्या दिवशी एकच शिकवतो. तार गप आहे म्हणून तिच्यात काही नाही असं समजू नको. पहिलं टेस्टर लाव, मग अर्थिंग कर, मग हात लाव. तुम्ही एवढे शिकले, तुमच्यात टेस्टर नाही?"

नव्हता.

जे होतं ते एवढंच: उतरवणीच्या आधी त्या वाटांचा एक ठसा घेऊन ठेवतात. ठशात काय आहे हे कोणालाही वाचता येत नाही, पण तो जसाच्या तसा परत बसवता येतो. तेही बहात्तर तासांच्या आत. त्यानंतर नव्या जोडण्या घट्ट होतात आणि ठसा निरुपयोगी होतो. कुंदाची मुदत गुरुवारी सकाळी अकराला संपत होती.

"मग बसवा नं परत! मी सही देतो."

"तुमची सही चालत नाही काका. यजमानानेच मागावं लागतं, आणि काय परत हवंय ते समजून मागावं लागतं. तसा कायदा आहे."

गुलाबरावांना कायदा समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तिले मी सांगायचं. की तुले एक पोरगी होती. आणि ते मेली."

*

उरलेले तास: चोवीस

बुधवारी अकरा वाजता संघमित्रा सिंदेवाहीला त्यांच्या घरी पोचली. अर्ज तिच्या पर्समध्ये होता. कुंदाने दारातच तिचा हात धरला.

"या मॅडम! तुमची जाळी लई गुणाची निघाली. दोन दिवस झाले, अशी झोप लागून राहिली की काय सांगू. यांना म्हटलं तुम्ही पण लावून घ्या, घोरणं तरी थांबन."

तिने पोहे केले होते. ती गुणगुणत होती. आठ वर्षांत गुलाबरावांनी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. ते भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांना आपल्या घराची भीती वाटत होती.

त्यांनी सुरुवात केली, थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. सरळ सांगितलं. कुंदाने पोह्यांची ताटली हळूच खाली ठेवली, संघमित्राजवळ सरकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, यांना काय झालं? काल पण ते वॉटरबॅग घेऊन रडत होते. खांबावरून पडले होते एकदा, डोक्याले मार होता. त्याचं तर नाही?"

"मी वेडा नाही झालो, कुंदा."

"मी कुठं म्हटलं? तुम्ही बसा नं पहिले."

गुलाबरावांनी कपाटावरचा फोटो काढला, धूळ पुसली आणि तिच्या हातात दिला. कुंदाने बघितलं. ती हसणारी बाई ती स्वतःच होती. अंगावरची हिरवी साडी अजून कपाटात होती. मांडीवर बसलेल्या मुलीची हनुवटी तिच्यासारखी होती. कुंदाने बोटाने ती हनुवटी झाकली, मग बोट उचललं, मग पुन्हा झाकली.

"हे मी आहो," ती म्हणाली. "पण हे पोर…"

तिने फोटो उजेडाकडे धरला.

"काय झालं होतं तिले?"

"साप," गुलाबराव म्हणाले.

"लई रडली असन नं मी?"

"आठ वर्षं."

कुंदाने फोटो मांडीवर उपडा ठेवला. त्याच वेळी संघमित्राच्या हातातला टॅब हलकेच वाजला. केंद्रातले लोक कामावर असलेल्या यजमानाची प्रत्येक चौकशी त्यावर बघू शकत. तळोधीजवळच्या एका पाड्यावरून अँब्युलन्स निघाली होती. रुग्ण: मुलगी, वय सहा, घोणस. प्रश्न आला आणि पापणी लवायच्या आत कुंदाकडून उत्तर गेलं: नागभीडला जाऊ नका, तिथल्या चारही संपल्या. सिंदेवाहीला जा. कुंदाला यातलं काहीच जाणवलं नाही. तिने फक्त कानामागे खाजवलं.

संघमित्राने टॅब पालथा घालायला हवा होता. ती घालू शकली नाही. कुंदाने वाचलं.

"मी परत मागितलं तर हे बंद पडन?"

"तुमच्या तीन तालुक्यांपुरतं. दुसरा यजमान तयार करायला चाळीस दिवस लागतात. संगणकांचं जुनं कोठार आम्ही सोमवारीच बंद केलं."

"चाळीस दिवस. म्हणजे धानाची लावणी होईपर्यंत. सगळ्यात जास्त साप तेव्हाच निघतात." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि मी मागितलं तर ते पोरगी येईल, का नुसतं रडणं येईल?"

"आठवण येईल काकू. मुलगी नाही."

कुंदाने अर्ज वाचला, दोन्ही बाजूंनी, जशी ती प्रत्येक सरकारी कागद वाचायची. मग घडी घालून परत दिला.

"नाही करत सही."

"कुंदा!"

"तुम्ही रागावू नका. मले तिचं वाईट वाटते. कोणाच्याही पोराचं वाटते तसं वाटते. तुम्हाले खोटं कशाले सांगू?"

गुलाबराव खाली बसले. त्यांना सगळ्यात जास्त भीती याची वाटली की निशीच्या आईनेही हेच केलं असतं. दुसऱ्या कोणाचं पोर वाचावं म्हणूनच तिने अर्ज केला होता. पण निशीच्या आईला विचारताच येत नव्हतं. तिच्या जागी बसलेल्या, चांगली झोप झालेल्या, दयाळू बाईने तिच्या वतीने उत्तर दिलं होतं.

मग कुंदाचा चेहरा हळूहळू बदलला. तिने कानामागे हात नेला.

"अजून काय गेलं माझं?"

"म्हणजे?" गुलाबरावांनी विचारलं.

"हे पोर तुम्हाले माहीत होतं म्हणून कळलं. जे फक्त मलेच माहीत होतं ते? लग्नाच्या आधीचं, माहेरचं, कोणाले कधी न सांगितलेलं. चाळीस दिवस मी ते पण दाबून ठेवलं असन नं, पत्रकात लिहिलं होतं तर." तिने गुलाबरावांचा दंड घट्ट धरला. "सांगा नं. अजून काय होतं?"

"मले कसं माहीत असन कुंदा?" ते म्हणाले. "तू सांगितलंच नव्हतं."

*

उरलेले तास: शून्य

गुरुवारी अकरा वाजता कुंदाचा ठसा नियमाप्रमाणे नष्ट झाला. तळोधीची मुलगी वाचल्याचं त्याच दुपारी कळलं.

संघमित्राने सातवा मुद्दा काढून टाकावा असं वर लिहून पाठवलं. आठवड्याभरात उत्तर आलं. मुद्दा राहील. नव्या अर्जदारांपैकी निम्म्याहून जास्त लोक तोच मुद्दा ऐकून येत होते. काही जण तर आठवायच्या नाहीत अशा गोष्टींची यादीच लिहून आणत, पाठ करत, आणि मग निमूटपणे ती खाली ठेवत. तीनशे बारा यजमानांपैकी एकानेही आजवर तक्रार केली नव्हती. जे हरवलं त्याची तक्रार करायला ते हरवल्याचं माहीत असावं लागतं. झोप चांगली लागत होती.

उतरवणी करणाऱ्यांत एक रीत आहे. नवी प्रणाली पहिल्यांदा स्वतःवर उतरवायची, मग लोकांवर. यंत्रावर विश्वास आहे हे दाखवायचा तो साधा मार्ग. चार वर्षांपूर्वी संघमित्राने ते केलं होतं. चाळीस दिवस तिने मन शांत ठेवलं होतं, काटेकोर. त्या दिवसांत काय दाबून ठेवलं होतं, हे आठवायचा ती आता प्रयत्न करत होती, आणि तिथे काहीच नव्हतं. जीभ लावल्यावर दाताची फट लागावी, तशी फटसुद्धा नव्हती. सगळं गुळगुळीत.

संध्याकाळी तिने भंडाऱ्याला मोठ्या बहिणीला फोन लावला.

"ताई, एक विचारू? माझ्या आयुष्यात असं काही झालंय का, की ज्याबद्दल मी कधी बोलत नाही?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"असं काऊन विचारते?"

"असंच."

"तूच म्हणाली होतीस नं," ताई म्हणाली, "की तो विषय काढायचा नाही. घरात कोणीच काढायचा नाही. आईनं भिंतीवरचा हार घातलेला फोटो पण उतरवला तुझ्यासाठी."

"कुठला विषय?"

ताईने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"संघू," ती म्हणाली, "तू जेवलीस का?"

*

सिद्धांत रामटेके हा संघमित्राचा भाऊ, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता, आणि त्याला सायकल तिनेच शिकवली होती.