सातवा ठोका

वीरेंद्र संगणक न्यायला आला तो गुरुवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या गल्लीतलं ते घर. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि बाजूला ठेंगण्या दाराची कामाची खोली. त्या खोलीत जागेश्वरांनी चाळीस वर्षं पाण्याचे गुंड आणि हंडे ठोकले. लकव्याने उजवा हात थरथरायला लागला तेव्हा बोटं हलती राहावीत म्हणून वीरेंद्रने, त्यांच्या भाच्याने, आपल्या मोबाइलच्या दुकानातला एक जुना संगणक आणून ऐरणीशेजारी मांडला आणि त्यात एक खेळ टाकून दिला. संगणकाला स्पीकर नव्हता. मामीला कटकट नको म्हणून तो कधी जोडलाच नव्हता.

जागेश्वरांना जाऊन सत्तावीस दिवस झाले होते. रीता, त्यांची एकुलती एक मुलगी, लाखांदूरच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. शेवटच्या दिवशी तिची बस पवनीला पोचली तेव्हा ते गेल्याचा फोन आला होता. त्यानंतर तिने सगळं नीट केलं. दाखले काढले, कामाच्या खोलीतली भांडी देऊन टाकली, माणसांना चहा दिला. एकदाही रडली नाही.

"ताई, पुसायच्या आधी एकडाव पाहून घेजो," वीरेंद्र वायर सोडवता सोडवता थांबला. "मामाजीचा माणूस अजून जिता हाये."

"कोणता माणूस?"

त्याने संगणक सुरू केला. काळोख्या डोंगरातलं एक दगडी दार, आणि दारासमोर पाठमोरा उभा असलेला एक माणूस. खांद्यावर हातोडा, अंगावर साधा सदरा. खाली इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं होतं: जागेश्वर.

"नऊ दरवाजे हायेत. आठ यायनं फोडले," वीरेंद्र म्हणाला. "आन् प्रकार कोणता घेतला? एका जीवाचा. मेला तं सगळंच पुसते, पहिल्यापासून सुरू. मी म्हटलं, मामाजी, कायले असा घेता? तं म्हणे, जास्तीचे जीव कोणाले भेटले बे, वीरू?"

रीता हसली नाही. पण खुर्ची ओढून बसली.

"हा नववा. इथचा राखणदार मरतच नाई. सात ठोके मारते. सात खाऊन जो उभा राहिला, त्यालेच दार उघडते. आन् मामाजीनं काय केलं? सारे पॉइंट हातोड्यात घातले. हातोडा चौऱ्याण्णव, टफनेस, म्हंजे मार सोसाची ताकद, सहा! सहानं काय होते? पहिल्याच ठोक्यात पापड."

"मग ते काय करायचे इथं?"

वीरेंद्रने मान खाली घातली. "काई नाई. रोज चालू करायचे, दारासमोर उभे राहायचे, बंद करायचे. पाच महिने."

रीताने पडद्यावरच्या पाठीकडे पाहिलं. लकव्यानंतर जागेश्वर उभे राहत तसा तो माणूस थोडासा डाव्या पायावर झुकला होता.

"राहू दे संगणक," ती म्हणाली. "हा टफनेस कसा वाढवतात ते सांग."

"इकत भेटत नाई थो. मार खाल्ल्यानंच वाढते."

* * *

पहिल्या दरवाज्याशी हाडकुळ्या चौकीदारांची एक टोळी होती. त्यांच्या काठ्यांनी फारसं लागत नसे. रीताने वडिलांच्या माणसाला आठही दरवाज्यांतून मागे आणलं, त्याच्या हातातला हातोडा खाली ठेवायला लावला आणि त्याला त्या टोळीत उभं केलं. काठ्या पडू लागल्या. जीवाची लाल पट्टी निम्म्यावर आली की ती त्याला बाहेर काढी, झऱ्याचं पाणी पाजी, पुन्हा आत नेई. दहा-बारा ठोक्यांमागे एक आकडा वाढे. सहाचे सात. सातचे आठ.

नोंदी ठेवणं हा तिचा धंदाच होता. कोणता चौकीदार किती जोराने मारतो, कोणत्या बाजूने, किती वेळाने, हे तिने कॉलेजच्या जुन्या वहीत लिहायला सुरुवात केली. सकाळी दोन तास, दुपारी तीन तास. चार दिवसांत आकडा बावीसवर गेला. आंघोळ करताना ती स्वतःशीच "बावीस" म्हणाली आणि आपला आवाज ऐकून दचकली. त्यात आनंद होता.

पाचव्या दिवशी दुपारी आई दारात येऊन उभी राहिली. गोदावरीबाईंच्या हातात तांदूळ निवडायचं सूप होतं.

"गल्लीत कोणाचा कारखाना चालू झाला वं?"

"कोणाचाच नाही. काहून?"

"ठोकल्याचा आवाज येऊन राहिला."

गल्लीतला शेवटचा कारखाना चार वर्षांपूर्वी बंद झाला होता. रीताने चौकीदारांना थांबवलं.

"आता नाई येत," आई म्हणाली. तिने तांदळातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "दोन जड, एक हलका. दोन जड, एक हलका. तुझे बाबूजी असेच ठोकत."

ती गेल्यावर रीताने खेळ पुन्हा सुरू केला आणि पडद्याला कान लावला. काच थंड होती. आवाज नव्हता. पण तिने वहीतले मागचे दोन दिवस पाहिले तेव्हा कळलं की चौकीदारांच्या काठ्या आता त्याच हिशेबाने पडत होत्या. दोन जड, एक हलका. पहिल्या तीन दिवसांच्या नोंदींत तसं काहीच नव्हतं.

* * *

चाळीसवर आकडा अडला.

शंभर ठोके, दीडशे ठोके. चाळीसच. मग एका ठोक्याला तो एकोणचाळीस झाला, आणि माणसाच्या छातीवर, सदऱ्याच्या आतून, केसासारखी बारीक काळी रेघ उमटली.

तिने वीरेंद्रला फोन लावला. त्याने दुकानात बसल्या बसल्या शोधाशोध केली. "ताई, टफनेस कमी होतच नाई म्हणते सगळे. कोणाचाच नाई झाला. तू काय करून राहिली?"

रीता ऐरणीकडे पाहत होती. भिंतीवर हातोडे आकाराप्रमाणे टांगलेले होते. धाकटा मठारायचा, गोल तोंडाचा. भांड्यावर शेवटच्या बारीक टिकल्या उठवायचा तो. लहानपणी ती या खोलीत भाता ओढायची. जागेश्वर तिला सांगत, "सारखं ठोकू नाई, बाई. पितळ मार खाते, कडक होते, आन् मंग एका ठोक्याले तडकते. मंधात ताव द्या लागते. लाल करा, थंड होऊ द्या, मंगच दुसरा हात."

पितळेच्या कारागिराची मुलगी, आणि आठ दिवस नुसतीच ठोकत बसली होती.

तिसऱ्या दरवाज्याशी एका लोहाराची भट्टी होती. तिथे हत्यारांना धार लावून मिळे. भट्टीत जाऊन उभं राहायचं कोणाच्या डोक्यात आलं नसावं. एका जीवाचा खेळ. आगीत पट्टी झरझर उतरते. ती संपली की वडिलांनी फोडलेले आठ दरवाजे, पाच महिने, डाव्या पायावरचं ते झुकणं, सगळंच पुसलं जाणार होतं. म्हणजे ते पुन्हा एकदा जाणार होते; कोण्या घरी निरोप सांगावा लागणार नव्हता, एवढाच फरक.

तिने त्याला भट्टीत नेलं.

सदरा जळाला. पट्टी निम्म्यावर आली, पावावर आली. रीता पट्टीकडे पाहत नव्हती, रंगाकडे पाहत होती. भात्याशी बसलेल्या मुलीला तो रंग माहीत होता: पळसाची कळी फुटायच्या आधी असते तसा मंद लाल. त्याच्या आधी काढलं तर पितळ ऐकत नाही. नंतर काढलं तर हातात राहत नाही.

अजून नाही. अजून नाही. आता.

तो बाहेर आला तेव्हा पट्टीत नखाएवढं लाल उरलं होतं. छातीवरची रेघ नव्हती. रीताच्या हनुवटीवरून पाणी कीबोर्डच्या कळांवर टपटपत होतं. ते आपलंच आहे हे तिला पदराने कळा पुसताना समजलं. मग ती ऐरणीला डोकं टेकून बराच वेळ रडली, आणि आई दाराबाहेर बसून राहिली, आत आली नाही.

संध्याकाळी पहिल्याच तीन ठोक्यांत आकडा पंचेचाळीस झाला.

"असं खेळात नाईच हाये!" वीरेंद्र फोनवर ओरडला. "मी आताच माझ्या माणसाले भट्टीत घातलं, ताई. जळून मेला!"

* * *

त्यानंतरचे दिवस रीताला पुढे नेहमी उन्हाचे आठवले. ठोके, ताव, विसावा. ठोके, ताव, विसावा. साठ. बहात्तर. पंच्याऐंशी. जळालेल्या सदऱ्याखालचं अंग पिवळसर दिसू लागलं होतं आणि त्यावर बारीक गोल टिकल्या उठल्या होत्या, ओळीने. ती सकाळी लवकर उठू लागली. खांब तलावापर्यंत चालून येऊ लागली. दोन वेळा पोटभर जेवू लागली. कॉलेजच्या प्राचार्यांना तिने सोमवारी हजर होते म्हणून कळवलं.

शनिवारी वांगी चिरताना विळीवरून तिचा हात निसटला. पातं तळहातावरून सरळ खाली गेलं.

"अगं माय!" गोदावरीबाई पुढे आल्या. हात धरला, उलटा केला, सुलटा केला. काही नव्हतं. ओरखडासुद्धा नव्हता.

"नाही लागलं," रीता म्हणाली.

आईने मान हलवली आणि विळी बाजूला सरकवली. मग पुन्हा जवळ ओढून पात्याकडे पाहत राहिली. पात्याची धार मधोमध मुडपली होती, दगडावर आपटावी तशी.

"जुनं लोखंड हाये," आई म्हणाली. "रीता, आज तुले उकळत्या दुधाचं गंज गॅसवरून उतरवाले सांगितलं होतं. तू फडकं घेतलं होतं का?"

रीताला आठवेना. बहुतेक घेतलं नव्हतं.

* * *

रविवारी दुपारी आकडा चौऱ्याण्णव झाला. हातोड्याइतकाच. तिने वही मिटली, माणसाला आठही दरवाज्यांतून पुढे आणलं आणि नवव्यासमोर उभं केलं. तो डाव्या पायावर झुकला नाही. दोन्ही पायांवर उभा राहिला.

राखणदार डोंगरातून निघाला. त्याला चेहरा नव्हता. हातोड्याचं तोंड गोल होतं.

पहिला ठोका जड.

दुसरा जड. पट्टी चतकोर उतरली.

तिसरा हलका.

रीताचे हात कळांवरून आपोआप बाजूला झाले. करण्यासारखं काही नव्हतं. उभं राहायचं होतं.

चौथा जड. स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली.

पाचवा जड. माणूस गुडघ्यापर्यंत दगडात रुतला. पट्टी नखाएवढी.

"उभे राहा, बाबूजी," ती म्हणाली.

सहावा हलका.

तो उभा होता.

राखणदाराने हातोडा खाली ठेवला. तो वाकला. खूप सावकाश वाकला, आणि उजवा हात पुढे केला. तो हात थरथरत नव्हता. रीताला एकदम कळलं की सातवा ठोका हातोड्याचा नसतोच. भांडं पुरं झालं की जागेश्वर हातोडा ठेवत, त्याला बोटाने टिचकी मारत, आणि कान देत. फुटकं भांडं बद्द वाजतं. नीट भांडं वाजतच राहतं. लहानपणी भात्याशी बसलेल्या मुलीच्या डोक्यावरही ते तशीच टिचकी मारत आणि म्हणत, "अजून कच्ची हाये."

टिचकी पडली.

दार उघडलं. आतून उजेड आला, आणि जागेश्वर नावाचा माणूस रुतलेले पाय काढून, ताठ पाठीने, मागे न पाहता आत चालत गेला. पडदा पांढरा झाला. रीता उभी राहिली आणि मोठ्याने हसली. सत्तावीस दिवसांत आणि त्यानंतरच्या सतरा दिवसांत ती इतकी हसली नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं की नाद अजून चालू आहे. स्वच्छ, लांब, एकसारखा. मापात ठोकलेल्या गुंडाचा.

"कोणता गुंड वाजून राहिला वं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. "हात ठेव ना त्याच्यावर."

रीताने खोलीत पाहिलं. तिथे एकही भांडं नव्हतं. सगळी तिने स्वतःच देऊन टाकली होती.

तिने सावकाश आपला तळहात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

आवाज थांबला.