डॉक्टरीणबाईंची स्टारलेट

जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायला बसलं, की वाटतं बेटावरच्या निम्म्या गाड्या लेडी डॉक्टरांनीच चालवल्या असाव्यात. 'एकच मालकीण, लेडी डॉक्टर, अपघात नाही.' त्या रविवारी सकाळी नेत्मीने आईला अशा तीन जाहिराती एकापाठोपाठ वाचून दाखवल्या आणि पेपर मांडीवर आपटला.

"अम्मा, या बायका रोगी कधी तपासतात गं? जन्म सगळा गाड्या विकण्यातच गेलेला दिसतोय."

आई हसली, पण दारातल्या खुर्चीत चहाबरोबर गुळाचा खडा चघळत बसलेले सिरिपाल मामा हसले नाहीत. गाडीचा विषयच त्यांना मान्य नव्हता. नेत्मी वर हपुतल्यात राहायची आणि घाट उतरून खाली हल्दुमुल्ल्याच्या शाळेत गणित शिकवायची. सकाळची बस कधी यायची, कधी यायचीच नाही. मुख्याध्यापकांनी शेवटचं सांगून टाकलं होतं: पुढच्या सत्रातही उशीर होत राहिला, तर मोठ्या परीक्षेचा वर्ग दुसऱ्याकडे जाईल. त्या वर्गात चहामळ्यातल्या सहा मुली होत्या. त्यांच्या घरातून त्या परीक्षेपर्यंत कुणी कधी पोचलंच नव्हतं. नेत्मीने त्यांना दोन वर्षं अक्षरशः ओढत इथवर आणलं होतं.

"खाली माझ्या मेव्हणीकडे खोली आहे," मामा म्हणाले. "तिथे राहा. सहाच्या आत घरात, असा तिचा नियम आहे. तुझ्यासारखीला बरंच आहे."

"माझ्यासारखीला म्हणजे?"

"म्हणजे... घे बाई, गाडी घे. पण पांढरी घे, आपोआप गिअर बदलणारी घे. उद्या विकताना पैसे यायला हवेत."

"अजून घेतली नाही, आणि तुम्ही विकायला निघालात! मामा, मला ती रोज चालवायची आहे. थंडीत पहिल्या किल्लीला चालू व्हायला हवी, घाटात दगा द्यायला नको. आणि चालवताना मजा यायला हवी. हो, मजा. तुमच्या काळी असायची का ती?"

दुपारी त्यातलीच एक गाडी पाहायला तिघं जवळच्या दियतलाव्याला गेली. पाइनच्या झाडांमागे एक जुना बंगला होता. लोकरीची टोपी घातलेले वेरगोड म्हणून एक सडपातळ गृहस्थ बाहेर आले. गाडी त्यांच्या थोरल्या बहिणीची, डॉक्टर इंद्राणींची. आयुष्यभर त्या खालच्या मळ्याच्या दवाखान्यात होत्या. गेल्या पावसाळ्यात आजारी पडून, घरातच, अंथरुणात गेल्या.

"म्हणजे या वेळी खरंच लेडी डॉक्टर," नेत्मी आईच्या कानात पुटपुटली.

पत्र्याच्या शेडखाली गडद लाल रंगाची छोटी टोयोटा स्टारलेट उभी होती. नेत्मी पाहतच राहिली. गाडी जुनी होती, पण थकलेली नव्हती. दारं बारीक टक् आवाजाने लागत होती. गिअरचा दांडा वर्षानुवर्षांच्या तळव्याने नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. मामांनी मोज्यात गुंडाळून आणलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवू लागले. कुठे खड्ड्यात पुट्टी भरून वर रंग मारला असेल, तर तिथे ते चिकटत नाही. सगळीकडे चिकटलं.

"मागून जरा बसलीय," मामा म्हणाले. "स्प्रिंगा गेल्यात."

नेत्मीने बॉनेटवर तळवा ठेवला. विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात आणि थंडीतली खोड लपवतात, हे तिला ठाऊक होतं. तिने हात झटकन मागे घेतला. बॉनेट कोमट होतं.

"आत्ताच चालू करून ठेवली होतीत ना?"

"बॅटरी काढून आत ठेवलीय, बाळा," वेरगोड शांतपणे म्हणाले. "तुम्ही फोन केलात, म्हणून आता बसवणार होतो."

आभाळ भरलेलं होतं, ऊन कुठेच नव्हतं. पत्रा तापला असेल, असं नेत्मीने स्वतःला समजावलं आणि ती आत बसली. तेव्हा स्टिअरिंगच्या खाली, दांड्याला बांधलेली एक पुरचुंडी तिच्या गुडघ्याला लागली. पांढऱ्या फडक्यात, हळदीने पिवळं पडलेलं नाणं.

"नवसाचं दिसतंय," मामा वाकून म्हणाले. देवाकडे काही मागताना नाणं हळदीच्या पाण्यात धुऊन असं बांधून ठेवायचं आणि काम झालं की देवळात वाहायचं, हे कुणी कुणाला सांगायला नको. "फेडायचं राहून गेलं वाटतं?"

"अक्काने बांधलंय." वेरगोड बॅटरीकडे वळले. "तेवढं राहू द्या तसंच."

मग नेत्मीने गाडी रस्त्यावर आणली आणि पुढचं सगळं तिथेच ठरून गेलं. पहिल्याच किल्लीला इंजिन गुरगुरलं. वळणावर गाडी अशी वळली, जणू रस्ता तिला तोंडपाठ आहे. चढाला दुसरा गिअर टाकला तर तक्रार नाही, उलट एक खुशीतला सूर. नेत्मी मोठ्याने हसली. मागे बसलेल्या मामांनी एका हाताने टोपी धरली आणि दुसऱ्याने दार.

"पोरी, हळू!"

"मामा, ही घेतली मी!"

आईने घरी दूधभात शिजवला, गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवसापासून नेत्मी घंटेच्या आधी वर्गात असायची. सहाही मुली खिडकीतून लाल गाडीला हात करायच्या.

मागच्या स्प्रिंगा तिने नव्या टाकून घेतल्या. गाडी तरी मागून जरा बसलेलीच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात धुकं आलं. संध्याकाळी शाळेतून परतताना ते दरीतून वर चढू लागलं. आधी रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड गेले, मग चहाची झुडपं गेली, मग समोरचा रस्ताच गेला. पत्तिनी देवीच्या छोट्या देवळाचं वळण जवळ आलं होतं. तिथे सगळे गाडीवाले थांबून नाणं टाकतात. नेत्मी तिसऱ्या गिअरमध्येच होती. मामांसारखं दर वळणाला देव आठवत बसणं तिला जमत नसे.

आणि गिअरवरच्या तिच्या हातावर एक हात आला.

थंड, कोरडा, म्हाताऱ्या बाईचा हात. बोटं लांब, पकड घट्ट. दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला. त्या हाताने तिच्या हातासकट गिअर मागे ओढला, तिसऱ्यातून दुसऱ्यात, लोण्यातून सुरी जावी तसा. गाडी मंदावली. त्याच क्षणी वळणावरून, दिवे न लावलेली एक लॉरी रस्त्याच्या मधोमध आली, नेत्मीच्या दाराला वारा घालून गेली आणि धुक्यात विरली.

नेत्मी तशीच घरी आली. रात्रभर तिला झोप आली नाही. पण सकाळ झाली तशी तिच्या मनात भीतीबरोबर आणखी काहीतरी होतं. काय हात होता तो! एवढ्या धुक्यात, एवढ्या चढावर, जराही न कापणारा.

त्यानंतर धुकं पडलं की हात यायचा. कधी गिअर बदलून द्यायचा, कधी 'थांब' म्हटल्यासारखा नुसता दाबून धरायचा. नेत्मी शिकत गेली. चढावर इंजिनचा सूर ऐकायचा, धुक्यात डाव्या कडेच्या गवतावर नजर ठेवायची, घाई करायची नाही. घरात कुणी काही शिकवायला लागलं की फणकारणारी ती, या हाताखाली मात्र गुपचूप शिकत होती. या बाई जिवंत असताना भेटायला हव्या होत्या, असं तिला वाटायचं. एकच गोष्ट तिला कळत नसे. तो हात अधूनमधून सुटायचा, आणि कुणीतरी मान वळवून मागच्या सीटकडे बघतंय, असं वाटायचं.

तिची चूक एवढीच झाली, की एका संध्याकाळी तिने हे आईला सांगितलं. आईच्या पोटात राहिलं नाही.

पौर्णिमेच्या सुट्टीत मामा 'गाडी धुऊन आणतो' म्हणून किल्ली घेऊन गेले. परतले ते पांढरे कपडे, कपाळाला चंदन आणि चेहऱ्यावर मोठ्या कामगिरीचं समाधान घेऊन. नेत्मीने स्टिअरिंगखाली हात घातला. पुरचुंडी नव्हती.

"मामा, नाणं कुठंय?"

"पत्तिनीच्या पेटीत टाकलं. दिवा लावला, नारळ फोडला. देवीला सांगितलं, बाईंचं काम झालं, नवस फिटला, आता त्यांना मोकळं कर. फेडायचा राहिलेला नवस माणसाला जाऊ देत नाही, पोरी. एवढंही शिकवत नाहीत वाटतं तुमच्या कॉलेजात."

"त्यांनी राहू द्या म्हणून सांगितलं होतं! विचारलंत मला? एकदा तरी? गाडी माझी, हात माझ्या हातावर येतो, आणि नवस तुम्ही फेडणार?"

"नेत्मी, आवाज खाली. मेलेल्या बाईचं भलं केलं मी."

तिने वेरगोडांना फोन लावला. मामांनी काय केलं, ते एका दमात सांगून टाकलं.

"काम झालं... असं सांगितलं तुमच्या मामांनी? देवीला?"

"हो."

"पण काम झालं नव्हतं, बाळा." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "खूप वर्षं झाली. पावसात दरड पडली होती, रुग्णवाहिका येईना. मळ्यातली एक बाळंतीण. अक्काने तिला आपल्याच गाडीत घातलं. मूल वाटेतच झालं, ते वाचलं. आईचं रक्त थांबेना. पत्तिनीच्या वळणावर अक्काने गाडी थांबवली आणि नाणं बांधलं. हिला जिवंत पोचव, म्हणाली. ती बाई मागच्या सीटवर सारखं एकच विचारत होती... आणि हॉस्पिटलचं फाटक दिसायच्या आधीच गेली. नवस पुरा झाला नाही, मग फेडणार काय? आम्ही म्हटलं, सोडून टाक ते. अक्का म्हणायची, अजून पोचलो कुठे आम्ही. शेवटपर्यंत गाडी चालवताना मागे वळून बोलायची, आलंच हं, आलंच. आम्हाला वाटायचं, वय झालं."

"काय विचारत होती ती बाई?" नेत्मीने विचारलं.

फोन ठेवला गेला होता.

सोमवारी संध्याकाळी धुकं आलं. शाळेत एका सहकारी बाईंनी विचारलंही, आज खालीच राहतेस का म्हणून. पण खाली राहिली असती, तर मग कायमचं तिथेच राहावं लागलं असतं, हे नेत्मीला कळत होतं. तिने गाडी काढली. देवळाच्या वळणाआधी तिने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली.

हात आला नाही. स्पिरिटचा वास आला नाही. दांडा नुसता थंड होता. मामा जिंकले म्हणायचे, असं तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. मग तिने स्वतःच गिअर मागे ओढला. तिसऱ्यातून दुसऱ्यात, अगदी शिकवला होता तसा. इंजिनने सूर धरला.

मागची सीट करकरली.

ओल्या चहाच्या पानांचा वास गाडीत भरला, आणि त्याखाली दुसरा, लोखंडासारखा. कुणीतरी दमून, तुटक श्वास घेत होतं. मग अगदी हळू आवाज आला. तरुण. तिच्याच वयाचा.

"डॉक्टरम्मा... अजून किती लांब?"

दार उघडून धुक्यात पळावं, एवढंच नेत्मीच्या मनात आलं. आणि त्याच वेळी तिला तो म्हातारा हात आठवला. एवढी वर्षं, रोज या घाटात, हाच आवाज पाठीशी घेऊन त्या बाईंनी गाडी चालवली होती. आणि हात कधी कापला नव्हता.

"आलंच हं," नेत्मी म्हणाली. तिचा आवाज कापला. हात नाही.

हपुतल्याचा फाटा आला. डावीकडे घर होतं. व्हरांड्यातला दिवा, दिव्याखाली आई आणि बाजूला मामा दिसत होते. मामांनी हात वर केला. नेत्मीने गाडी सरळ, हॉस्पिटलच्या रस्त्याला नेली. पुढचा सगळा रस्ता ती डाव्या कडेचं गवत पाहत राहिली आणि मागचा श्वास ऐकत राहिली. प्रत्येक वळणाला 'आलंच' म्हणत राहिली. शेवटी धुक्यातून हॉस्पिटलचं फाटक वर आलं, दिव्यांनी उजळलेलं. तिने गाडी अगदी पायरीशी उभी केली.

"आलो," ती म्हणाली. "बघ, पोचलो आपण."

शिपाई धावत आला. त्याने मागचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि गोंधळून तिच्याकडे वळला. "मिस, पेशंट कुठंय?"

सीट रिकामी होती. कोरडी होती. शिपायाने खांदे उडवून दार लावलं आणि तो परत फिरला. नेत्मीला सुटल्यासारखं वाटलं. ती खाली उतरली आणि गाडीमागे गेली.

गाडी अजून मागून बसलेलीच होती.

ती परत आत येऊन बसली. बराच वेळ इंजिन चालूच होतं. फाटकाचा उजेड मागच्या आरशात पडला होता. आरशात कुणी नव्हतं. आणि मग आवाज आला, मघापेक्षा जवळून, अगदी तिच्या सीटच्या पाठीशी.

"डॉक्टरम्मा... अजून किती लांब?"

नेत्मीने पहिला गिअर टाकला.