नळीला बसणारी गोळी

महारुद्र पाटलाच्या उसात रानडुकरानं छबूबाईला फाडलं, तेव्हा ती मोळी बांधत होती. ऊसतोड टोळीनं कोयते खाली ठेवले. टोळीला दुःख बाईचं, पाटलाला दुःख उसाचं. फड वाळायला लागला होता आणि कारखान्याची पाळी हातची निघाली होती.

"जनावर पाडा, मग आमी फडात शिरतो," मुकादम बन्सीधर म्हणाला. "न्हाई तर चाललो आमी राणीसावरगावच्या फडावर."

वनखात्याची परवानगी मिळाली. बंदूक घरात होतीच. निजामाच्या फौजेतली ठासणीची रायफल, महारुद्राच्या आज्यानं लिलावात घेतलेली. बाप मेल्यापासून तिनं दसऱ्याचं हळदकुंकू लावून घेण्यापलीकडं काही केलं नव्हतं. परभणीहून आणलेली गोळी नळीच्या तोंडातून सोडली की खडखडत तळाला जायची, आणि नळी खाली केली की गोटीसारखी घरंगळून बाहेर.

गंगाखेडच्या लेथवाल्या नागेशनं नळीच्या तोंडात मऊ शिसं ठोकून माप घेतलं, साचा करून दिला. महारुद्रानं जुन्या बॅटरीचं शिसं वितळवून गोळी ओतली. ढिली. पुन्हा माप घेतलं, तर नळीचं भोक वाढलेलं.

"पाटील, आतून घासली का काय?"

"येडा हायेस का? हात लावला न्हाई म्या."

नागेशनं मोठा साचा केला. मासे धरायच्या जाळ्याचं शिसं ओतलं. तेही ढिलं. या खेपेला बाहेर पडलेली गोळी ओली होती. महारुद्रानं ती विजारीला पुसली. तांबूस डाग उमटला.

"गंज आसंल," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

नागेशनं साचा त्याच्या हातात दिला. "मजुरी ऱ्हाऊ द्या. पर ही परत माझ्या दुकानात आणू नका."

मग महारुद्राला आठवलं ते शिसं, जे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बन्सीधरच्या बापाच्या, वाल्मीकच्या कंबरेत पाटलाच्या बापाची गोळी होती. ऊस मोडून खाल्ला म्हणून घातलेली. पोलिसात 'डुक्कर समजून' असं सांगितलं आणि पोलिसाला ते पटलं. गरिबाला डुक्कर समजायला कुठं पुरावा लागतो? वाल्मीक तीच कंबर घेऊन पाटलाचाच ऊस तोडत म्हातारा झाला. यंदा मेला. राख सावडताना शिशाचा गोळा निघाला.

महारुद्र टोळीच्या खोपटांवर गेला आणि लाज न वाटता म्हणाला, "तुझ्या बापाचं ते शिसं दे."

 एक बाई बोलली, "पाटलाला आता मढ्याचंबी पायजे, बया!"

बन्सीधर आतून फडक्यात बांधलेलं शिसं घेऊन आला. "अस्थी गंगेला सोडल्या. ह्ये सोडू दिलं न्हाई आईनं. म्हणली, ठिवा. मागायला येतील."

मोठ्या साच्यात ते ओतलं. साचा काठोकाठ भरला. थेंब कमी पडला नाही, थेंब उरला नाही.

दारू भरून गोळी नळीच्या तोंडाशी ठेवली. खडखड झाली नाही. महारुद्रानं ठासायचा गज उचलला, पण तो टेकवायच्या आतच, कुणी आतून ओढून घ्यावी तशी गोळी सरकत गेली.

दुपारचं ऊन रणरणत होतं. सगळी टोळी बांधावर उभी होती. फडात पाचट वाजलं, काळी पाठ हलली. महारुद्रानं चाप ओढला.

धूर निवळला. चित्कार नाही. पळापळ नाही.

महारुद्र आणि बन्सीधर आत शिरले. डुक्कर नव्हतं. उसाच्या पात्यांवर रक्त होतं. डुकराच्या उंचीला नव्हतं. उभ्या माणसाच्या कंबरेला येईल एवढ्या उंचीवर होतं.

दोघं बांधावर आले.

"शिरा आता," महारुद्र म्हणाला.

कुणी हललं नाही.

खच्.

आत, खोलवर, कोयता बसला.

खच्.

"कोण हाय रे आत?"

"सगळे हितंच हायेत, पाटील," बन्सीधर म्हणाला.

उसाच्या शेंड्याचं एक वाढं डोललं आणि खाली गेलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्या अलीकडचं.

महारुद्र बांधावरून डावीकडं सरकला.

पडणाऱ्या वाढ्यांची ओळही डावीकडं वळली.