पहिला ठोका

नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता, उच्च रक्तदाबाच्या विशेष चिकित्सालयात, दुसऱ्या मजल्यावरील तीन क्रमांकाच्या खोलीत एक मुद्रितशोधक शिरला आणि बसण्यापूर्वीच भिंतीवरच्या सूचनेशी भांडू लागला. ‘मोजणीपूर्वी पाच मिनिटे बोलू नये,’ असे वर लिहिले होते; खाली, ‘शंका असल्यास सिस्टरना विचारावे.’ न बोलता विचारायचे कसे, हा त्याचा सवाल होता.

त्याचा युक्तिवाद ऐकून सिस्टरने हसत खुर्ची पुढे सरकवली. “वकीलसाहेब, पाय जमिनीवर, हात टेबलावर. आणि तोंड बंद.”

दाब निघाला एकशे अडुसष्ट. वय चौतीस. त्याचे वडील याच दुखण्याने सत्तेचाळिसाव्या वर्षी, घास हातात असतानाच कलंडले होते. हे त्याने सहज सांगितल्यासारखे सांगितले. पण सांगताना तो खिडकीकडे पाहत होता.

मग दर मंगळवारी मौनाची ती पाच मिनिटे येऊ लागली. एरवी दरवानाशीही वाद घालणारा तो माणूस तिच्यासमोर मुकाट बसे. तिच्या हातांना येणारा साबणाचा मंद वास, घड्याळाकडे पाहताना किंचित आवळले जाणारे ओठ, खिडकीच्या काचेवरून सरकणारे ऊन... इतक्या बारकाईने त्याने छापील पानही कधी वाचले नव्हते. वेळ संपली की ती विचारी, मौन जड गेले का? तो म्हणे — नाही, कमी पडले.

एकदा त्याने हट्टच धरला, की मला ऐकायचे आहे. ‘पहिला ठोका ज्या आकड्यावर ऐकू येईल, तोच तुमचा वरचा दाब,’ असे सांगून तिने स्टेथोस्कोप त्याच्या कानांत घातला, दंडावरचा पट्टा फुगवला आणि हवा हळूहळू सोडली. आधी काहीच नव्हते. नुसती खोल शांतता. मग कुठूनसा एक ठोका आला... दुसरा आला... अडवलेल्या रक्ताने वाट काढली होती. कोणी न सांगता, तो झोपलेला असतानासुद्धा, चौतीस वर्षे हे अखंड चालले होते! त्याचे डोळे भरून आले. हरकत घेण्याजोगे त्यात काहीही नव्हते.

आकडा उतरू लागला. एकशे बावन्न, मग एकशे शेहेचाळीस. मग एकशे अडतीस, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा एकशे अडतीस. मोठ्या डॉक्टरबाईंनी सांगून ठेवले, की आणखी एकदा एकशे चाळीसच्या आत राहिला तर एक गोळी बंद करू.

त्यानंतरच्या मंगळवारी तिने दाब मोजला, पेन उचलले आणि काही न लिहिताच खाली ठेवले.

“तुमचा दाब मला मोजता येत नाही.”

“यंत्र बिघडलंय?”

“यंत्र नाही... माझा कान.” ती ताठ बसली होती. “पहिला ठोका एकशे शेहेचाळीसलाच येतो. मला ऐकू येतो, आणि मी मनाला सांगते, भास झाला. मग अडतीसपर्यंत थांबते. दोनदा तसं लिहिलंय. आज लिहिलं असतं तर तुमची गोळी बंद झाली असती. दुसऱ्या कुणाच्या वेळी माझं असं होत नाही. तुम्ही बरे व्हावेत, असं मला — फार वाटतं.”

नोकरीवर बेतेल अशी चूक कबूल करताना माणूस इतका सुंदर दिसू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

“आमच्या कामातही असंच आहे,” तो हलकेच म्हणाला. “एखादं पान जिवाभावाचं झालं, की त्यातली चूक दिसेनाशी होते. मग ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं.” मग घाईने पुस्ती जोडली. “तपासण्यापुरतंच.”

ती कागद घेऊन स्वतः डॉक्टरबाईंकडे गेली आणि सगळे सांगून आली. काहीही गाळले नाही. बोलणी खाल्ली ती भिंतीपलीकडे त्यालाही ऐकू आली. मग डॉक्टरबाई आल्या, त्यांनी त्याला पाच मिनिटे गप्प बसवले, दोनदा दाब मोजला, आणि चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

“एकशे शेहेचाळीस. गोळी बंद नाही, उलट अर्धी वाढेल. सिस्टर, यापुढे यांचा दाब तुम्ही मोजायचा नाही. आणि हे गोळ्या वेळेवर घेतात की नाही, ते जन्मभर तुम्हीच बघायचं.”