चादरीपलीकडचा वाटाड्या

त्या हिवाळ्यात दम्मामला भोंगा वाजला, की कादिरभाईंच्या घरातले सगळे मधल्या खोलीत शिरायचे. इराकची रॉकेटं कधी येतील याचा नेम नव्हता. विषारी वायू आत येऊ नये म्हणून दाराखाली ओला टॉवेल, मधोमध दोरीवर चादर — अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. काच फुटून अंगावर येऊ नये म्हणून भाईंनी खिडकीवर सौदीचा भला मोठा नकाशा चिकटवला होता. चादरीने त्याचेही दोन भाग केले होते.

एका संध्याकाळी पलीकडे नवा आवाज होता. भाईंच्या कंपनीतला, मुरुडचा हम्माद. त्याच्या खोलीच्या काचा फुटल्या, म्हणून भाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं.

उमामा, भाईंची धाकटी बहीण, नकाशा न्याहाळत होती. विमानतळ उघडला की तिला गावी परतायचं होतं. तिथं एक स्थळ ठरत आलं होतं... तिनं कधी न पाहिलेलं. तिकीट कपाटात तयार होतं. त्याचा विचार नको, म्हणून ती भलतंसलतं विचारत राहायची.

"भाभी, या वाळवंटात हिरवा रंग कुठून आला?"

हफीजाभाभींना काय ठाऊक? उत्तर चादरीपलीकडून आलं.

"खाली कोपऱ्यात ना? ते खमीस मुशैत. मी आधी तिथंच होतो. सगळे डोंगर... सकाळी ढग रस्त्यावर बसलेले असतात. हॉर्न दिला तरी उठत नाहीत."

"माकडं असतील ती."

"माकडंही असतात. ती उठतात."

उमामाला हसू फुटलं. भोंग्यात हसते म्हणून भाभींनी चिमटा काढला.

मग दर भोंग्याला प्रवास पुढे सरकू लागला. लढाई संपली की गाडीनं निघायचं — कुणी, ते कुणीच बोललं नाही. ती बोट ठेवून नाव वाचायची, तो न बघता वाट सांगायचा. अभा शहरात धुक्यात चहा. घाट उतरून जिझान. गाडी किनाऱ्यावर ठेवून लाकडी होडीनं फरसानची बेटं.

"बेटांवर काय आहे?"

"हरणं. मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं."

"आणि जेवायला?"

"सुरमई. तुमच्या हातची असेल तर—" तो अडखळला.

कादिरभाई खाकरले. "आणि चौकीवर पोलिसानं विचारलं, ही बाई तुझी कोण, तर काय सांगशील रे?"

सौदीत परक्या बाईबरोबर पुरुष गाडीत सापडला, तर आधी कोठडी आणि मग थेट मायदेशी रवानगी. सगळे थांबे ठरले होते, आणि एवढी साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. उमामाचे कान तापले.

"भाई," पलीकडून हम्माद म्हणाला, "तुम्ही होकार दिलात... तर खोटं सांगावं लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे भाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि स्वतः दारात उभे राहिले. आवाजावरून तिनं उंचापुरा माणूस मनात रंगवला होता. हा बुटका, चष्मेवाला, हातातला चहा प्यायचं विसरलेला.

"काय विचारायचं ते विचार हिला," भाई म्हणाले.

त्यानं तोंड उघडायच्या आत उमामानंच सांगून टाकलं, "मला गाडी लागते. घाटात उलट्या होतात."

"प्रत्येक घाटात?"

"प्रत्येक."

तो गंभीरपणे विचार करू लागला. "मग वळणावळणाला थांबू."

"अशानं बेटांवर कधी पोचायचं?"

"तुम्हाला घाई आहे?"

उमामानं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली, आणि दाराकडे वळली. "भाई... ते तिकीट परत करा."